मोबाईलवरची साय

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मिरच्या फुकट जातात म्हणून कटकट करणारी बाई मी! पण हे घडलं ते माझ्याच नाकावर... आता काय बोलू?

संक्रांतीच्या सुमारास स्कूटीवर होते. नायलॉन मांजा आला आणि नाकाचा शेंडाच घेऊन गेला. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बनवलं. ते जीव धरेपर्यंत कातडी कपाळाला जोडलेलीच ठेवतात. म्हणजे भुवयांमधून नाकापर्यंत चक्क सोंड! माझी पाच वर्षांची चिऊ मला बघून किंचाळली, "ही माही आई नाही!" तिला बहिणीकडे, वीस-बावीस किलोमीटरवरच्या कळमेश्वरला पाठवलं. व्हिडिओ कॉलवरही ती तोंड फिरवायची. नाक गेल्याचं जाऊ द्या, मला याचंच फार रडू यायचं.

गंमत म्हणजे नर्सनं नव्या नाकाला कापूस लावला की तो मला कपाळावर लागायचा, केसांच्या जवळ. डॉक्टर म्हणाले, "नस अजून कपाळाचीच आहे, मेंदू फसतो." पटलं.

एका दुपारी खोलीत एकटीच पडले होते. अचानक कपाळावर त्याच जागी थंडगार, चिकट काहीतरी... कोणी हळूच चोळतंय! हात लावून पाहिला — बँडेज कोरडं. नाकही कोरडं. तेवढ्यात बहिणीचा फोन.

"ताई, तुह्या पोरीनं काय केलं पाय वं! माह्या मोबाईलवर तुहा जुना फोटो काढला अन् नाकाले फ्रिजमधली साय फासून राहिली होती. आत्ता पुसला मी!"

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. सांगितलं असतं तर म्हणाली असती, ताईचं डोकं फिरलं. त्या दिवशी कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चिऊ हट्ट करून आली. दारातच थबकली. सोंडेकडे बघत राहिली.

"आई, काल थंड लागलं ना तुले?"

"कुठं वं?" मी विचारलं.

साय तिनं फोटोतल्या नाकाला लावली होती, तेव्हा वाटलं नाकच दाखवेल. ती पलंगावर चढली आणि बँडेजवर बोट ठेवलं... कपाळावर, केसांच्या जवळ, बरोब्बर तिथंच.

डॉक्टरांना विचारलं. ते हसले, मग परत फाईल चाळायला लागले. नाकाचं कपाळावर कसं लागतं ते त्यांना माहीत आहे. कळमेश्वरचं धंतोलीत कसं लागलं, ते नाही. मलाही अजून कळलेलं नाही. चिऊला विचारलं तर म्हणे, "मले काय माहीत? मी तं फक्त लावली."

आणि सोंडेवर हात ठेवून माझ्या कुशीत झोपून गेली.