चार्टवरचे वीस श्वास

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्याच मेंढरांनी माझी यष्टी अडवली. गंगापूरच्या स्टँडवरून गाडी सुटून अर्धा कोसही गेली नसेल, तर रस्ताभर आमचा कळप आणि मधोमध काठी टेकून उभे माझे वडील, आबा. ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, कंडक्टर खिडकीतून आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय आणि आबा कानात बोळे घातल्यासारखे शांत. पोरीला नर्स करायला पाठवतोय म्हणून भावकीनं तोंड फिरवलं होतं. त्या लोकांसमोर निरोप द्यायला ते स्टँडवर आले नव्हते, म्हणून त्यांनी हा मार्ग काढला. सावकाश माझ्या खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "जाती तर जा, भामे. पण माघारी रडत यायचं नाय." मग त्यांनी शीळ घातली, कळप दोन्हीकडं फाकला आणि गाडी औरंगाबादच्या रस्त्याला लागली.

भावकीचं म्हणणं काय, तर परक्या बाप्यांची घाण काढायची नोकरी. मीही काही सेवेचा वसा घेऊन निघाले नव्हते. हॉस्टेल फुकट होतं आणि उन्हाळ्यात मेंढरांमागं मैलोन् मैल चालायचं नव्हतं, इतकाच अठरा वर्षांच्या मुलीचा उदात्त हेतू. आता सत्काराच्या भाषणांत लोक माझ्या नावावर सेवाभाव खपवतात तेव्हा मला हसू आवरत नाही.

हॉस्टेलमध्ये डोक्यावर पंखा होता आणि पायात पहिल्यांदाच पांढरे बूट. वॉर्डात अर्धं मराठी, अर्धं दखनी चालायचं. मी "व्हय" म्हटलं की शहरातल्या मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मग मी मुद्दाम मोठ्यानं "व्हय" म्हणायची. पुढं त्यांतल्या कोणी मस्कतला गेल्या, कोणी डब्लिनला, कोणी त्याच वॉर्डात निवृत्त झाल्या. हे तुम्हां सगळ्यांसाठीच लिहिते आहे. फोनवर तुम्ही एकच विचारता, "भामा, तू इंग्लंडहून परत का आलीस गं?"

आमच्या इन्चार्ज सुलताना आपा तुम्हाला आठवत असतील. सलाईनची सुई त्यांच्याइतक्या हलक्या हातानं लावणारं माणूस मी पुढं सातासमुद्रापारही पाहिलं नाही. वॉर्डातल्या पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या हातात चार्ट दिले. प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी आणि मिनिटाला किती श्वास, एवढं भरायचं. बाया-बापे दोन्हीकडचे धरून पेशंट साठ आणि आम्ही दोघी. मी पहिल्याच खाटेपाशी घड्याळ धरून श्वास मोजत उभी राहिले. आपा हसल्या. "ऐसा गिनते बैठी तो शाम हो जाती बेटी. बीस लिख, बीस. सब बीसच लिखते."

त्यांचं काही खोटं नव्हतं. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी बोटाला लागते. श्वासासाठी मात्र मिनिटभर गप्प उभं राहावं लागतं आणि वॉर्डात उभं राहायला सवड कोणाला? त्यामुळं आमच्या वॉर्डात म्हातारा असो की तान्हं बाळ, दम्याचा असो की ऑपरेशन झालेला, सगळे शिस्तीत वीसच श्वास घ्यायचे. आम्हाला ते ठाऊक होतं. चार्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. सासूनं सुनेला द्यावी तशी ही रीत एकीकडून दुसरीकडं येत होती.

आणि मी तर मेंढपाळाची लेक. आबा कधी मेंढराच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, ते श्वासानं हलणाऱ्या त्याच्या कुशीकडं बघायचे. "मेंढरू पडायच्या आधी त्याची कूस बोलती," असं म्हणायचे. पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी मी हे शिकले होते. शहरात आल्यावर चार्ट भरायला शिकले आणि कूस बघायचं सोडून दिलं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बिडकीनची एक बाळंतीण होती. सकाळच्या फेरीत मी तिच्या खाटेपाशी आले. तिची कूस भराभर वरखाली होत होती. मी ते पाहिलं. नंतर काय झालं, कसं झालं, यावर मी खूप विचार केलाय आणि प्रत्येक वेळी तिथंच येऊन अडते, की मी ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं आणि हातानं वीस लिहिलं. दुपारी ती गेली. तिची आई मला म्हणाली, "सिस्टर, सकाळधरनं लई धापत होती ओ." डॉक्टरांनी चार्ट चाळला आणि म्हणाले, सकाळपर्यंत तर सगळं ठीक होतं. मला कोणी जाब विचारला नाही. कागद माझ्या बाजूनं होता.

त्या सुट्टीत मी घरी गेले आणि आबांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "मेंढरू धापाया लागलं तर आपण आख्खा कळप थांबिवतो, भामे. तू माणसापसून कशी फुडं गेलीस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढची काही वर्षं मी नोकरी करत पदवी घेतली आणि एक दिवस अर्ज लिहिला. आपल्या वॉर्डात श्वास खरोखर किती वेळा मोजले जातात आणि का मोजले जात नाहीत, याचा अभ्यास करायची परवानगी द्यावी. दवाखान्याच्या कमिटीपुढं मला उभंच ठेवलं. अध्यक्ष सज्जन माणूस, आवाजही न चढवता म्हणाले, "सिस्टर, मोजायचं काम तुमचं. अर्थ लावायला आम्ही आहोत की." मग तोडगा सुचवला, की वर एखाद्या डॉक्टरांचं नाव घाला आणि खाली मदतनीस म्हणून तुम्ही. मी अर्ज उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "कुठं निघालात?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "शिकायला."

तेव्हा आपल्याकडं नर्सिंगचं एमएस्सी नव्हतं. त्यासाठी दक्षिणेत गेले. दोन वर्षं भात खाल्ला आणि ज्वारीची भाकरी स्वप्नात पाहिली. तिथून पीएचडीसाठी इंग्लंडला. तिथं नर्स प्रोफेसर होती, नर्सचं नाव पुस्तकाच्या कव्हरवर होतं आणि लायब्ररीत नर्सिंगची कपाटंच्या कपाटं होती. पहिल्या दिवशी त्या कपाटांसमोर उभी राहून मला रडू आलं नाही, संताप आला. एवढी वर्षं आम्हाला कोणी सांगितलंच नाही, की आमच्या कामाचाही विचार करता येतो. आणि गंमत ऐका. त्या गोऱ्या लोकांच्या चार्टवरही मला अंदाजपंचे आकडे सापडले! फरक एवढाच, की तिथं त्याविरुद्ध बोंब मारणाऱ्या नर्सच होत्या आणि त्यांचं ऐकलं जात होतं.

शिक्षण संपल्यावर तिथं चांगली नोकरी मिळत होती. गाइडबाईंनी अभ्यास तिथल्याच वॉर्डात पुढं नेण्याचा आग्रह धरला. मी म्हटलं, ज्या वॉर्डात मी वीस लिहिलं तो वॉर्ड इथं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, बायांनो. देशप्रेम वगैरे म्हणून माझी शोभा करू नका.

परत आल्यावर परवानगी आठवडाभरात मिळाली. अर्ज जवळजवळ तोच होता, फक्त नावामागं परदेशी डिग्री लागली होती. याचाही मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मात्र खरा विरोध कमिटीचा नव्हता, आपल्याच बायकांचा होता. मी रेकॉर्डरूममधून जुने चार्ट काढतेय हे कळल्यावर वॉर्डात माझ्याशी कोणी धड बोलेना. एकीनं तोंडावर सुनावलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजायला आलीस का?" तिचं दुखणं मला कळत होतं. साठ पेशंटांमागं दोन नर्स ठेवणारे नामानिराळे राहणार आणि चोर ठरणार त्या दोघी. म्हणून मी सगळ्यांना बोलावलं, निवृत्त झालेल्यांनाही. पडद्यावर पहिला चार्ट लावला तो बिडकीनच्या बाईचा. तिचं नाव झाकलेलं, खालची सही उघडी. सही माझी होती. "ही बाई त्या दुपारी गेली," मी म्हटलं, "आणि हा वीस माझा आहे."

मग मागच्या खुर्चीवरून सुलताना आपा काठीवर भार देत उठल्या. "अकेली का नहीं है," त्या म्हणाल्या. "मेरा चार्ट भी लगा. तेरेकू बीस मैंनेच सिखाई थी." त्यानंतर एकेक जण आपापला वीस सांगू लागली. त्या दुपारी मला जे कळलं ते इंग्लंडच्या कुठल्या कपाटात नव्हतं.

त्यातून आम्ही एक साधा नियम केला. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. मोजायला सवड झाली नाही, तर रकाना रिकामा सोडायचा. वीस लिहायचं नाही. पहिल्या महिन्यात चार्टवर इतके रिकामे रकाने दिसले, की वरचे लोक चवताळले. दवाखान्याची अब्रू जाते म्हणाले. मी म्हटलं, अब्रू आधीच गेलीय, फक्त आता ती दिसतेय. पुरेशा नर्स अजूनही मिळालेल्या नाहीत. रिकामे रकाने दर महिन्याला वर पाठवते आणि पाठवत राहीन. ते अर्थ लावणारे लोक आहेत ना, मग लावू देत की अर्थ!

आता माझ्या हाताखाली मुली पीएचडी करतात. गंगापूरच्या आहेत, वैजापूरच्या आहेत, एक तर तांड्यावरची आहे. त्यांच्या प्रबंधावर डॉक्टरांचं नाव वर नसतं.

गेल्या हिवाळ्यात आबांना छातीचा त्रास झाला. त्यांना इथं औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणायचं, त्याच वॉर्डात ठेवलं. सकाळी मी गेले तर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्यांच्या खाटेपाशी घड्याळ धरून उभी होती. हा म्हातारा माझा कोण, हे तिला माहीत नव्हतं. मी घाईत विचारलं, "कसे आहेत गं?" तिनं मान वर केली नाही. फक्त हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, थांबा. मिनिट व्हायचंय."

मी थांबले. मेंढरं बाजूला होईपर्यंत थांबलेल्या त्या यष्टीसारखी गुपचूप थांबले. तिनं आकडा लिहिला आणि ती लगेच डॉक्टरांना बोलवायला धावली, कारण आकडा वीसच्या बराच वर होता. आबांनी डोळे उघडले. "पोरगी माझ्या कुशीकडं बघत व्हती," ते धापा टाकत म्हणाले. "कुणाची हाये?"

"आपलीच हाय, आबा," मी म्हटलं.

गंगापूरकडची आमची वाडी अजून आहे, आबाही आहेत; कळप गेला, माय गेली. कोणी घर कुठं विचारलं तर मी आता या वॉर्डाचं नाव सांगते. माघारी रडत यायचं नाही, असं आबांनी बजावलं होतं. इंग्लंडहून आले तेव्हा मी रडले नव्हते. त्या सकाळी मात्र त्यांच्या खाटेला धरून पोटभर रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.