मंदाकाकूंचा मंगळवार

आमच्या सोसायटीत अशी बातमी आहे की मंदाकिनीकाकूंनी गोल्फच्या काठीने विनीतकाकांचा दात पाडला. पहिल्या मजल्यावर एक दात होता, चौथ्यावर पोचेपर्यंत दोन झाले. साफ खोटं. दात चिक्कीने पडला. काकूंनी विनीतकाकांना बोटही लावलं नाही. त्यांनी जे केलं त्याला दातांचा डॉक्टर काही करू शकत नाही.

काकू डोंबिवलीत आमच्या समोरच्या दारात राहतात. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्या, काका वारले, मुलगी पुण्याला. घोडबंदर रोडला गोल्फ शिकवणारं एक मैदान आहे, तिथे मुलीने वाढदिवसाची गंमत म्हणून एकदा पाठवलं. काकूंना चटकच लागली. दर रविवारी तिथे ठाण्या-कल्याणचे रिटायर्ड लोक जमतात, काकू धरून नऊ जण. विनीतकाका कॅप्टन. कोणी केलं विचारू नका.

विनीतकाकांचा आवाज काढायला सोपा. नाक थोडं बंद करायचं आणि प्रत्येक वाक्याला ‘बेसिकली’ लावायचं. काकूंचा अवघड. त्या नुसतं ‘असू दे’ म्हणतात. दूधवाला पिशवी विसरला, असू दे. पण तेच खालच्या पट्टीत आलं, शेवटचा ‘दे’ जरा लांबला, की समोरच्याने गाव सोडावं.

हे लांबलेलं ‘असू दे’ गेल्या वर्षी ग्रुपच्या गोल्फ ट्रिपला काकूंच्या तोंडून निघालं. गोल्फमध्ये चौघांची तुकडी खेळते. दोन तुकड्या म्हणजे आठ, नववा बाहेर. विनीतकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “बेसिकली मंदाताई, तुम्ही नाश्त्याचं बघा, खेळाचं आम्ही बघतो.” काकूंनी खास नवी पांढरी टोपी घेतली होती. ती घालून त्यांनी आठ जणांना थालीपीठं वाढली.

यंदाच्या ट्रिपला रत्नागिरीकडे कड्यावरचं, गोल्फचं मैदान असलेलं एक रिसॉर्ट निघालं, समोर समुद्र. “मी ठरवते सगळं,” काकू म्हणाल्या, आणि ग्रुपला हायसं वाटलं. तिथे वारा असा की मारलेला चेंडू पायाशी परत येतो, असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं. विनीतकाका हादरले. मग काकूंनी त्यांना नुसता वारा पाजला. सकाळी वाऱ्याचा नकाशा, दुपारी आडव्या झालेल्या माडांचा व्हिडिओ, संध्याकाळी “वाढतोय हं, विनीतराव.” या सगळ्याच्या मधोमध एक साधा मेसेज: “मंगळवारी मैदान रिकामं मिळतंय. सगळं बघून सांगा, नंतर बदलणार नाही.” पहिला अंगठा विनीतकाकांचा. खाली प्रश्न, सकाळी वारा कमी असेल ना?

त्या मंगळवारी अंगारकी होती.

अंगारकी म्हणजे विनीतकाका टिटवाळ्याला. नवस आहे. आजवर एकही चुकवली नाही, हे ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगतात. ग्रुपमधल्या बाकी उपासवाल्यांचं अडलं नाही, साबुदाणा कोकणातही भिजतो.

विनीतकाकांच्या बायकोने कॅलेंडरचं पान उलटलं आणि विनीतकाका काकूंना फोन करून तडक इकडे निघाले. मी तेव्हा काकूंकडे मटार सोलत होतो.

“काकू, तुम्हाला माहीत होतं?”

“मी बघून सांगा म्हटलं होतं.”

“ते येऊन रडले की तुम्ही विरघळणार. लावता पैज?”

“लाव. हरलास तर टिटवाळ्याच्या रांगेत त्याच्यासोबत तू.”

“आणि जिंकलो तर?”

“आधी जिंक.”

विनीतकाका पेढे घेऊन आले. “बेसिकली मंदाताई, एक दिवस पुढे ढकललं तर?”

“बुधवारी तिथे लग्न आहे. चहा घ्या.”

“मग मी येतो. दर्शन पुढच्या अंगारकीला.”

“या की. ग्रुपवर टाकते, विनीतरावांनी बाप्पाला पुढची तारीख दिली.”

विनीतकाकांनी कप खाली ठेवला. “नको. टाकू नका.” मग हळू आवाजात, ‘बेसिकली’ न लावता म्हणाले, “गेल्या वर्षीचं मनात ठेवलंत ना?”

तेवढ्यापुरतं मलाही वाईट वाटलं. म्हटलं, आता विरघळल्या.

“साखर बरोबर आहे ना?” काकूंनी विचारलं.

अंगारकीला मी कॉलेज बुडवून टिटवाळ्याच्या रांगेत होतो, विनीतकाकांच्या चपला पिशवीत घेऊन. रांग हलत नव्हती. ग्रुपवर व्हिडिओ आला. काकू कड्यावर, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, आठ जणांत त्या आठव्या. चेंडू उडाला, वाऱ्याने वळला आणि थेट समुद्रात. काकू पोट धरून हसल्या आणि दुसरा चेंडू मागितला.

“बेसिकली डावीकडून वारा आहे,” विनीतकाका म्हणाले. “डावीकडेच मारायला हवा होता.” त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला.

मला काकूंचा वेगळा मेसेज आला. “रांगेत आहेस ना? त्याच्यासकट फोटो टाक.”

पैजेत फोटोचं ठरलं नव्हतं. मी पाठवला.