चकती बोटभर वर उचलल्यावर

२०१४ च्या सुमारास ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या मनुरेवा उपनगरातल्या आमच्या घरात जिथे हात घालावा तिथे चकत्या सापडायच्या. खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रीजवर, नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशात, एकदा तर तूरडाळीच्या डब्यात. बिस्किटाएवढ्या, दुधी, हाताला गार लागणाऱ्या. सगळ्या नापास झालेल्या. तो हॅमिल्टनच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पारदर्शक सिरॅमिक बनवायच्या मागे लागला होता, आणि बिघडलेली चकती टाकून द्यायला त्याचा हात धजत नसे. मग ती त्याच्याबरोबर शनिवार-रविवारची पाहुणी म्हणून यायची आणि कायमची राहायची. सकाळचं ऊन त्यांच्यातून आत आलं की स्वयंपाकघराच्या भिंतीवर फिकट, कडा नसलेले उजेडाचे डाग पडत. मी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत बसे. पसाऱ्यावरून चिडायचं ठरवलेलं असायचं, पण त्या उजेडात धड चिडताही येत नसे.

सिरॅमिक म्हणजे कपबशी, आणि कपबशीतून आरपार कसं दिसणार, असं मला वाटायचं. त्याने मला ते साबुदाण्यावरून समजावलं. कच्चा दाणा पांढराफटक असतो आणि शिजला की काचेसारखा होतो, तशीच ही पांढरी पावडर. दाबून तिची वडी करायची, हवा काढून घेतलेल्या भट्टीत तापवायची आणि मग पॉलिश करायची. कणांच्या मधे डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक भोकं राहिली, तरी उजेड त्यात अडखळतो आणि चकती दुधी होते.

"म्हणजे तुला खिचडी जमत नाहीये," मी म्हटलं.

"खिचडी जमते गं," तो म्हणाला, "एखादा दाणा कच्चा राहतोय."

भट्टी एकदा चढवली की मधेच सोडून येता येत नसे. म्हणून त्याने तिकडे एक खोली घेतली होती. सोमवारी सकाळी तो मोटरवेने दक्षिणेला जायचा, मी ट्रेनने उत्तरेला ऑकलंडच्या ऑफिसात. शुक्रवारी संध्याकाळी तो परतायचा. एकत्र राहायचं म्हणून पुण्याहून समुद्र ओलांडून आलो आणि इथे येऊन नवरा शनिवार-रविवारपुरता! मला तो घरी हवा होता. बाकी काही नको होतं. आणि तसं त्याला तोंडावर सांगायची सोय नव्हती, कारण त्या भट्टीसमोर तो जितका सुखी असायचा तितका मी त्याला दुसरीकडे कुठेही पाहिला नव्हता.

माझं काम म्हणजे मार्केट आउटलुक लिहिणं, म्हणजे कधी हातात न घेतलेल्या वस्तूंचं भविष्य सांगणं. कसला डिंक, कसले पंप, कसलं तेल. पुढच्या काही वर्षांत कोण घेईल, किती घेईल, का घेईल. गणपतीला जमलेली मराठी मंडळी मला कोपऱ्यात गाठून विचारायची, "घर आत्ता घ्यावं का थांबावं?" मी म्हणायचे, पत्रिका आणलीत का? सकाळच्या ट्रेनमध्ये काचेवर वाफ धरलेली असे. तिच्यापलीकडची घरं, झाडं, स्टेशनं विरघळत मागे जात आणि मला वाटे, मी पोट भरते ते याच्यावरच. समोर काय आहे ते नीट दिसत नसताना ठामपणे सांगण्यावर.

चकत्यांची एक गंमत होती. दुधी चकतीसुद्धा छापील कागदावर ठेवली की खालची अक्षरं स्वच्छ वाचता येतात. बोटभर वर उचलली की अक्षरं धुक्यात जातात. अक्षराला चिकटून सगळंच पारदर्शक असतं. खरी परीक्षा अंतर पडल्यावर. नवऱ्याने एकदा आमच्या स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर चकती ठेवून फोटो काढला आणि नुसतं "अक्षरं दिसतात" एवढंच लिहून पुण्याला पाठवला. चकतीखाली अंगारकी ठळक दिसत होती. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटले. मुलाने दगडाची काच केली!

पुढच्या फोनवर त्याने आढेवेढे घेत सांगितलं, "आई, ते फक्त कागदाला चिकटवल्यावर दिसतं."

"मग कागदाला चिकटवूनच विका की," त्या म्हणाल्या.

आम्ही पोट धरधरून हसलो. पण वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. त्यानंतर दर रविवारी त्या "काच झाली का रे?" म्हणून विचारायच्या आणि तो विषय बदलून पुण्यातल्या उकाड्यावर न्यायचा.

वर्कशॉपचा मालक हॅमिल्टनचाच, साठी उलटलेला, दूधधंद्याची यंत्रं बनवणारा माणूस. भेटला की आधी मोठ्याने "किया ओरा", म्हणजे इथला माओरी नमस्कार, आणि मग चहा. दुधाच्या पाइपमध्ये डोकावून साय किती, पाणी किती ते सांगणारे सेन्सर तो बनवायचा. त्या सेन्सरला जी छोटीशी खिडकी लागते, ती नीलमची, परदेशातून यायची. ती आपणच सिरॅमिकची केली तर, या एका विचारावर त्याने भट्टी घेतली होती आणि माझ्या नवऱ्याला घेतलं होतं. त्या हिवाळ्यात त्याने मला फोन केला. भट्टी पुढे चालू ठेवायची की थंड करायची, हे त्याला ठरवायचं होतं. या वस्तूचा बाजार पुढे कसा असेल ते येऊन सरळ सांग, म्हणाला. मी म्हटलं, अहो, मी त्याची बायको आहे. त्यावर तो म्हणाला, म्हणूनच विचारतोय, तू त्याला उगीच आशेवर ठेवणार नाहीस.

मी ऑफिसनंतर घरी बसून आठवडाभर वाचलं. उत्तर लवकर मिळालं. अशा खिडक्यांना खरी मागणी होती लेझरला, लष्कराला, अवकाशात जाणाऱ्या कॅमेऱ्यांना. ती गिऱ्हाइकं फार लांबची, आणि वर्षानुवर्षं हेच करणाऱ्यांकडून माल घेणारी. इथल्या डेअरी प्लांटना अशा खिडक्या लागणार त्या मूठभर. त्यातून ही खिडकी ओरखडत नाही, पाइप धुण्याच्या कॉस्टिक सोड्याने झिजत नाही, फुटत नाही. एकदा बसवली की घेणारा पुन्हा दारात येणार नाही. जितकी उत्तम बनवाल, तितकं गिऱ्हाईक कमी. बाजार नव्हता.

आणि घोडं पेंड खात होतं ते तिथेच. हे उत्तर मला हवं तसंच होतं. भट्टी थंड म्हणजे नवरा घरी. आपला तो बाब्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझा बाब्या भट्टीत होता की घरच्या रिकाम्या खुर्चीत, हे मलाच कळेना. मी कागदाला चिकटून तर बघत नव्हते? म्हणून मी उलट बाजूने लिहून पाहिलं. भट्टी चालावी म्हणून, अगदी मनापासून. ऑफिसातून परतताना ट्रेनमध्ये डोळे मिटून खिडक्याच खिडक्या बघायचे. समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या दिव्यांच्या, आगीत शिरणाऱ्या माणसांच्या शिरस्त्राणांच्या, चंद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या दुर्बिणींच्या. प्रत्येकीमागे माझा नवरा बाही गुंडाळून उभा. इतकं सुंदर दिसायचं सगळं की स्टेशन निघून जायचं. पण त्या खिडक्या विकत घेणारा माणूस काही त्या स्वप्नात यायला तयार नव्हता. मी लिहिलेलं पुसलं आणि पहिलंच उत्तर ठेवलं.

शुक्रवारी सुट्टी घेऊन मी गाडी काढली. वायकाटो नदीच्या खोऱ्यात शिरल्यावर धुकं असं उतरलं की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसेनात. नदी डाव्या हाताला आहे की उजव्या, तेही कळेना. कुंपणापलीकडून गाई एकेक करून उगवत आणि मावळत. मी हळूहळू चालवत होते आणि वाक्यं जुळवत होते, आणि हॅमिल्टन कधी येऊच नये असं वाटत होतं.

वर्कशॉपमध्ये शिरले तर सगळे खिडकीशी उभे. तिथली एक रीत होती. नवी चकती पॉलिश होऊन आली की मोजमापाच्या मशीनआधी मालक ती हात लांब करून खिडकीकडे धरायचा आणि अंगणापलीकडच्या कुंपणावरची पाटी वाचायचा प्रयत्न करायचा. मग ज्याने बनवली तो, मग बाकीचे, मग चहा. आजवर पाटी कुणालाच वाचता आली नव्हती. मालकाने चकती माझ्या हातात दिली. तोवर धुकं विरळ झालं होतं. मी हात लांब केला. पाटी दिसली, अक्षर न् अक्षर. पाटीवर बसलेली चिमणी दिसली. तिने मान वळवली तीही दिसली. हातात काही आहे असंच वाटत नव्हतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. दमून झोपलेल्या बाळाकडे बघावं तसा चकतीकडे बघत होता. मला इतका अभिमान वाटला की जे सांगायला आले होते ते क्षणभर विसरलेच.

चहा आला. मालक माझ्यासमोर बसला. "मग, सांग," म्हणाला.

नवऱ्याला मी का आले ते माहीत होतं. काय सांगणार हे मी त्याला सांगितलं नव्हतं, पण माझा चेहरा त्याला वाचता येतो. तो मराठीत, अगदी हळू म्हणाला, "अगं, आजच झालीये."

काय म्हणाला, असं मालकाने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतोय की आजच झाली. मालकाने मान हलवली आणि कप खाली ठेवला. मग मी सांगितलं. लेझरचं, लष्कराचं, मूठभर प्लांटचं, न फुटणाऱ्या खिडकीचं. एकही वाक्य मऊ केलं नाही, कारण एक मऊ केलं असतं तर सगळीच केली असती. मालकाने सगळं ऐकून घेतलं, बशीत पडलेला बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा केला आणि "स्वीट ॲज" म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत "छान, चालेल". इतक्या जड आवाजात ते दोन शब्द मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

भट्टी महिनाअखेरीस थंड केली. नवरा आपली पांघरुणं, कुकर आणि रेझर घेऊन घरी आला. रागावला नाही. "बरोबरच सांगितलंस," म्हणाला. शनिवारी लॉन कापलं, रविवारी आईला फोनवर सांगितलं की काच झाली. तिकडे पुन्हा पेढे निघाले, या वेळी खऱ्या काचेचे, आणि ते ऐकून तो हसलाही.

सोमवारी मी चहा टाकत होते. तो नेहमीच्या वेळी उठला, दाढी केली, कामाचे बूट चढवले, गाडीची किल्ली घेतली आणि दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मग तिथेच दाराशी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं, सोमवारी सकाळी नवरा माझ्या घरात होता, आणि त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी ते परत दिलं असतं.