बी सॅम्पलवरची सही

टेबलावर तीन डब्या होत्या. ए, बी आणि सी. दिसायला तिन्ही सारख्या, आतले वायरलेस इअरफोनही सारखेच. फरक फक्त आवाजाचा. समोर क्लायंट, शेजारी आमचे प्लांट हेड माथुर साहेब, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसलेले. मी बी कानात घातला, डोळे मिटले, दोन मिनिटांनी उघडले आणि म्हणालो, “बी.”

क्लायंटने विचारलं, बीच का? उत्तर माथुर साहेबांनीच देऊन टाकलं. “वानखेडे जी से ‘क्यों’ नहीं पूछते. ये हमारे कान हैं.”

मी नम्रपणे हसलो. नम्रपणे हसण्याचा मला चांगला सराव होता.

आमचा कारखाना लखनौच्या चिनहटला आहे. आम्ही इअरफोन बनवतो, डबीवर नाव दुसऱ्याचं असतं. मी मूळचा अकोल्याचा. नोकरीसाठी लखनौला आलो आणि इथलाच झालो. हुद्दा साउंड हेड. म्हणजे नवीन मॉडेलचा आवाज कसा असावा हे ठरवायचं आणि फॉर्मवर सही करायची. मशीन ग्राफ काढून देतं, पण ग्राफ बरा दिसला म्हणून गाणं बरं लागतंच असं नाही. शेवटचा शब्द माणसाच्या कानाचा. आमच्याकडे तो माणूस मी.

इअरफोनमध्ये दोनच गोष्टी बघायच्या असतात. आवाज आणि फिट. फॉर्मवर त्यांचे रकाने वेगळे आहेत, कानात मात्र नाहीत. इअरफोनच्या टोकाला रबराची छोटी टोपी असते, तिला टिप म्हणतात. ती कानात घट्ट बसली की सील झालं. सील नसेल तर बेस, म्हणजे ढोलकीचा, तबल्याच्या डग्ग्याचा जाड आवाज बाहेर गळून जातो. उरतो तो पातळ, किरकिरा आवाज. टिप फार मोठी असली तर सील छान होतं, पण अर्ध्या तासात कान दुखायला लागतो. हा सगळा तोल सांभाळायचं काम निगारचं होतं.

निगार आमची फिट इंजिनिअर. तिशीची, जुन्या लखनौतल्या चौकची, बोलायला मऊ आणि कामात हट्टी. तिचं फिट पॅनल बघण्यासारखं असायचं. लाइनवरच्या मुली, कँटीनचा स्वयंपाकी, दोन ड्रायव्हर आणि गेटवरचे मिश्राजी. सगळ्यांना ती तासभर इअरफोन घालून ठेवायची. त्या तासात बोलायचं, हसायचं, हेल्मेट घालायचं-काढायचं, मुलींनी दुपट्टा डोक्यावरून घ्यायचा आणि कानातले झुमके तसेच ठेवायचे. शिवाय प्रत्येकाने काहीतरी चावायचं. जबडा हलला की कानाच्या आतली नळी आकार बदलते आणि सील सुटतं, हे तिने आम्हाला दाखवून दिलं होतं. मिश्राजी पान चावायचे. तिच्या वहीत एक नोंदच होती, ‘मिश्रा जी, बायाँ कान, पान के साथ ढीला.’ क्लायंट लोक ते वाचून हसायचे. निगार हसायची नाही. मिश्राजींच्या डाव्या कानासाठी तिने टिपचा साचा दोनदा बदलून घेतला होता.

बीवर मी सही करण्याआधी ती माझ्या टेबलाशी आली होती. म्हणाली, सर, सील सगळ्यांचं पास आहे, दुखत कुणालाच नाही, पण बी लावलेले लोक वीस मिनिटांत काढून ठेवतायत. आवाज टोकदार लागतो म्हणतात. ग्राफमध्येही उजव्या बाजूला टेकडी दिसते. उजवी बाजू म्हणजे बारीक, उंच आवाज. बांगड्यांची किणकिण, बोलण्यातले स आणि श.

मी तिला सांगितलं की ही टेकडी नाही, ही डिटेल आहे. लोकांना सवय नसते, हळूहळू होते. आमच्या धंद्यात ‘डिटेल’ म्हटलं की वाद संपतो. ती “जी सर” म्हणून गेली.

घरीही तेच झालं. बीची एक जोडी मी मुलीला दिली. ईशाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. दुसऱ्या दिवशी जोडी डायनिंग टेबलावर परत. “बाबा, कान झनझना गए यार. आपको ये अच्छा लगा?” मी म्हणालो, तुझी टिप लहान आहे, मोठी लाव. ती म्हणाली, अच्छा, आणि स्वतःची जुनी जोडी लावून बसली. माझी बायको मंजूषा बँकेत आहे, समोरच्या माणसाचा चेहरा वाचायची तिला सवय. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोळी वाढली.

माल बाजारात गेला. दोन आठवड्यांत तक्रारी यायला लागल्या. सगळ्यांचा सूर एकच. आवाज कर्कश आहे, डोकं धरतं.

मीटिंग बसली. क्लायंट दिल्लीहून स्क्रीनवर. माथुर साहेबांनी मला विचारलं, आवाजाची चूक आहे का? खरं सांगतो, उत्तर द्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी म्हणालो, सॅम्पल बरोबर होतं. लोकांच्या कानात सील होत नसणार. बेस गळतोय, म्हणून उरलेला आवाज कर्कश वाटतोय.

यात शास्त्राच्या दृष्टीने एकही चूक नव्हती. असं होतं. फक्त इथे तसं झालं नव्हतं.

सगळ्या नजरा निगारकडे वळल्या. तिने वही पुढे केली. सगळं पॅनल, दोन्ही कान, सील पास. माथुर साहेबांनी वही उघडली आणि नेमकं मिश्राजींचं पान त्यांच्या हाती लागलं. “निगार जी, पान चबाने वालों पर टेस्ट करेंगी तो यही होगा.” दोघेतिघे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं, कारण हसताना मी तिच्याकडे बघायचं टाळलं होतं.

ठरलं असं की टिप एक साइज मोठी करायची. महिनाभरात मोठ्या टिपचा माल गेला. आता आवाज कर्कश होताच, वर कानही दुखायला लागले. तक्रारी दुप्पट झाल्या. निगार कॉन्ट्रॅक्टवर होती, दर वर्षी रिन्यू व्हायचं. यंदा एचआरने तिला कळवलं की महिनाअखेरीस काम थांबवा. घरात वडील रिटायर झालेले, धाकटी बहीण शिकतेय, आणि फिटमध्ये नापास झालेल्या फिट इंजिनिअरला दुसरीकडे कोण घेणार? हे तिने मला सांगितलं नाही. कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

ती भांडायला येईल असं वाटलं होतं. ती आली दुपारी, जेवणानंतर, हातात बीची जोडी आणि फोन घेऊन. म्हणाली, सर, मी जातेच आहे. पण माझी वही कुठे चुकली ते मला कळत नाहीये. तुम्ही एकदा माझ्यासमोर ऐका, सील मी स्वतः तपासते. ऐकून तुम्ही म्हणालात की चूक फिटचीच आहे, तर माझं समाधान होईल.

नाही म्हणायला कारण नव्हतं. तिने टिप नीट बसवून दिली. क्लिप तिच्याच आवाजातली होती. आम्ही टेस्टसाठी तिचाच आवाज वापरायचो, कारण तिचे श आणि ज़ अस्सल लखनवी, स्वच्छ. शीशा, सुराही, साज़िश, ज़ंजीर, असे शब्द ती सावकाश वाचत होती. एकदा वाजवलं. मग फोनवर काहीतरी बदललं आणि परत वाजवलं.

“कौन सा बेहतर है सर?”

मला दोन्ही सारखे वाटले. मी म्हणालो, दुसरं थोडं बरं. तिने परत काही बदललं, तिसऱ्यांदा वाजवलं. मी म्हणालो, हे पहिल्यासारखं.

तिने फोन टेबलावर ठेवला. दुसऱ्या वेळी तिने वरचा सगळा भाग कापून टाकला होता. स, श, ज़ चपटे झालेले, जणू तोंडावर उशी धरून बोलतंय कुणी. आणि तिसऱ्या वेळी तोच भाग दुप्पट केला होता. मिश्राजींनाही फरक कळला असता.

मला बी आवडला होता, कारण मला जे ऐकू येत नव्हतं ते बीमध्ये इतकं जास्त होतं की माझ्यापर्यंत थोडंसं पोचत होतं. चष्म्याचा नंबर असलेल्या माणसाने सगळ्या गावाला स्वतःचा चष्मा वाटावा, तसं मी केलं होतं.

तिने जोडी परत घ्यायला हात पुढे केला. मग म्हणाली, “मैं किसी से नहीं कहूँगी, सर.” आणि जोडी पुसून डबीत ठेवून गेली.

तिने आरडाओरड केली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तीन दिवस गप्प राहिलो. चिनहटहून निशातगंजला घरी येताना रोज वाटेत ठरवायचो की उद्या बोलायचं. उद्या ऑफिसात कुणीतरी “सर, ज़रा सुन लीजिए” म्हणून नवा पीस आणून द्यायचं आणि मी डोळे मिटून ऐकायचो. चौथ्या दिवशी क्लायंटबरोबर रिव्ह्यू होता. निगारला त्याचं बोलावणं नव्हतं. मी माथुर साहेबांना म्हणालो, तिला बोलवा, नाहीतर मी बोलणार नाही. ते चमकले, पण बोलावलं.

मी उभा राहून सांगितलं. चूक फिटची नाही. बीचा आवाजच चुकीचा निवडला गेला, आणि तो मी निवडला. माझ्या कानांना वरचे आवाज ऐकू येत नाहीत, हे मला नुकतंच कळलं आहे. निगारची वही पहिल्यापासून बरोबर होती.

मग कामं भराभर झाली. आवाज दुरुस्त करायला इअरफोन परत मागवायची गरज नव्हती. अ‍ॅपवरून अपडेट पाठवली, टेकडी सपाट झाली. जुन्या मापाच्या टिप परत आल्या, ज्यांनी मोठ्या टिपचा माल घेतला होता त्यांना त्या पोस्टाने गेल्या. निगारचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं आणि पुढे तिला पर्मनंट केलं. क्लायंट टिकला. आणि माथुर साहेबांनी वार्षिक समारंभात मला स्टेजवर बोलावून एक काचेची पाटी दिली. तिच्यावर ‘प्रामाणिकपणा’ असं इंग्रजीत कोरलेलं होतं. टाळ्या झाल्या. मी नम्रपणे हसलो.

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच लोकांना सांगितली आहे. सोसायटीत, नातेवाइकांत, ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांना. पुढची सांगितली नव्हती.

‘नुकतंच कळलं’ हे खोटं आहे. बीवर सही करण्याच्या पावणेदोन वर्षं आधी मी निशातगंजमध्ये एका ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन कान तपासून आलो होतो. एकटाच गेलो होतो. मायक्रोवेव्हची शिटी मंजूषाला ऐकू यायची आणि मला नाही, एवढंच निमित्त. त्या बाईंनी ग्राफ काढला. उजवीकडे रेघ सरळ खाली उतरलेली. त्या म्हणाल्या, वयामुळे होतं, घाबरण्यासारखं काही नाही, तुमचा व्यवसाय काय? मी म्हणालो, इंजिनिअर. रिपोर्ट घडी करून विजेच्या बिलांच्या फाइलीत ठेवला. म्हणजे बी निवडताना मला माहीत होतं. ईशाला मोठी टिप लाव म्हणताना माहीत होतं. आणि भर मीटिंगमध्ये सील सुटतंय म्हणताना तर पुरतं माहीत होतं.

ती पाटी वर्षभर शोकेसमध्ये होती. ईशाच्या मैत्रिणी आल्या की ती मुद्दाम दाखवायची. शेवटी मी आधी घरी सांगितलं. मंजूषा म्हणाली, फाइलीत बिलं मीच लावते, तुम्ही नाही. एवढंच. ईशाने पाटी उचलून कपाटात आत ठेवली, माझ्याकडे न बघता.

मग निगारला सांगितलं. ती बसून ऐकत होती. मला वाटलं, तिला धक्का बसेल.

“मालूम था सर,” ती म्हणाली. “जिसे उसी दिन पता चले, वो चौंकता है. आप चौंके नहीं थे.”

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

“आप बोल रहे थे ना. सोचा, पूरा बोल लेंगे.” मग तिने विचारलं, “मुझे जाने दे रहे थे आप?”

मी हो म्हणालो. कारणं माझ्याकडे होती. पद, अब्रू, त्रेपन्नाव्या वर्षी आपला उपयोग काय हा प्रश्न. ती कारणं तिच्यासमोर मांडायची हिंमत झाली नाही, आणि बरंच झालं.

माथुर साहेबांनाही सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, “ये लिखित में देना ज़रूरी है?” मी हो म्हणालो आणि लिहून दिलं. आता आवाजाची सही एकट्या माणसाची नसते. तिघांचं पॅनल आहे, वेगवेगळ्या वयांचं, आणि ते निगारच्या हाताखाली आहे. तिघांत एक मी. फॉर्मवर तिने एक नवीन रकाना वाढवला, कानांची तपासणी कधी केली त्याचा. पहिला फॉर्म तिने माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “सबसे पहली वाली तारीख़ लिखिएगा, सर.” मी ती लिहिली. मी आकडे लिहीत असताना तिने खिडकीबाहेर बघितलं.

लोक अजून विचारतात, वानखेडे साहेब, इअरफोन कुठला घेऊ? मी नाव सांगत नाही. सांगतो की कानात घाला, तासभर काढू नका, काहीतरी चावा, दोन माणसांशी बोला. तासाने तो कानात आहे हे विसरला असाल तर घ्या. काढून ठेवावासा वाटला तर ठेवून द्या. आणि एखादा जाणकार म्हणाला की हळूहळू सवय होईल, तर त्याला विचारा, तुम्ही स्वतःचे कान शेवटचे कधी तपासले होते.