माझ्या बायकोचा अविनाश

अविनाश गेल्याचं कळलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं.

अर्धंच मिनिट. पण वाटलं. खोटं कशाला लिहू?

काल दुपारी पाटोद्यात एका लग्नाचं शूटिंग करताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. बीडला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बेचाळीस वर्षांचा होता.

बीडमधले लोक त्याला फोटो स्टुडिओवाला म्हणून ओळखतात.
मी त्याला माझ्या बायकोचा आधीचा माणूस म्हणून ओळखायचो.

(ही पोस्ट मंजूनं वाचलीय. दोन ओळी काढायला लावल्या. बाकीचं राहू द्या म्हणाली.)

लग्न ठरलं तेव्हा मंजूनं स्वतःच सांगितलं होतं. कडा गावात, तिच्या घरी, चहा निवत चालला होता.

"कॉलेजात अविनाश आणि मी दोन वर्षं सोबत होतो. नुसतं फिरणं न्हाई. सगळं. तुमाला जमत नसेल तर आत्ताच सांगा."

मी लगेच म्हणालो, "मला काही फरक पडत नाही."

त्या दिवशी मला स्वतःचा लई अभिमान वाटला.

फरक पडला. पहिल्याच महिन्यात पडला.

मी एकतीस वर्षांचा, क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवणारा, आणि बाईच्या बाबतीत पार कोरा. ती जवळ आली की वाटायचं, आता मनात तुलना चालली असेल. ती हसली तर वाटायचं, मलाच हसली. तिनं डोळे मिटले तर वाटायचं, आत कोण दिसतंय हिला?

मग विचारायला लागलो. कुठं भेटायचात? कितीदा? त्याला काय आवडायचं?

आधी तिनं उत्तरं दिली. नंतर देणं बंद केलं.

अविनाशचा स्टुडिओ बस स्टँडच्या मागं. दर रविवारी दुपारी तिथं पडदा लावून तो सिनेमे दाखवायचा, फुकट. कुठल्या कुठल्या देशांचे. प्रेमाचेच, पण लग्न लागलं की संपणारे नव्हेत. त्यानंतरचे. अंथरुणातले. आधीच्या माणसांचे. सिनेमा झाला की चर्चा.

एका रविवारी मंजूला न सांगता गेलो. तो दिसतो कसा, एवढंच बघायचं होतं.

साधाच. सावळा, थोडं पोट सुटलेला.

बरं वाटायला पाहिजे होतं. उलट जास्त जळलो. देखणा असता तर समजलं तरी असतं. ह्याच्यात काय पाहिलं तिनं?

त्या दिवशीच्या सिनेमात एक माणूस आपल्या मैत्रिणीला तिच्या आधीच्या प्रेमाबद्दल विचारत राहतो. ती एकदा सांगते, दहादा सांगते. शेवटी बॅग भरून निघून जाते.

चर्चेत मी उठलो. म्हणालो, "चूक तिची हाय. तिनं सांगायलाच नको होतं."

अविनाश शांतपणे म्हणाला, "सर, तिनं विश्वासानं सांगितलं. ह्यानं त्याचं हत्यार केलं. मग चूक कोणाची?"

दहाबारा जण माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, याला सगळं माहिती आहे.

होतंच. मी दारात चपला घालत होतो, तेव्हा जवळ येऊन म्हणाला, "तुमी मंजूचे मालक ना? तिच्या प्रोफाइलवर फोटो बघितलाय. येत जा."

म्हणजे हा अजून तिचं प्रोफाइल बघतो!

मी त्याला बाजूला घेतलं. जे मंजू सांगत नव्हती ते याच्याकडून काढायचं होतं. "काय काय होतं तुमच्यात?"

"ते तिचं हाय, सर. माझ्याकडनं तुमाला कायबी कळणार न्हाई."

फुशारकी मारली असती तर कानाखाली वाजवून मोकळा झालो असतो. हा सभ्य निघाला. तेच जास्त खुपलं.

तो राग घरी येऊन मंजूवर काढला. "तुझा तो अजून तुझीच बाजू घेतो," म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती कड्याला निघून गेली. अगदी त्या सिनेमातल्यासारखी.

महिनाभर फोन उचलला नाही.

आणि मी काय करावं? दर रविवारी अविनाशकडंच जाऊन बसायला लागलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. चौथ्या रविवारी बोलून गेलो, "मंजू माहेरी गेलीय."

तो उखडलाच.

"मग इथं काय करायलास बे? जा की तिकडं."

"जाऊन बोलू काय?"

"बोल कायबी. फक्त विचारू नको."

गेलो. काही विचारलं नाही. मंजू म्हणाली, "पुन्हा विचारलं तर मी परत येणार न्हाई."

त्याला आता सात वर्षं झाली. विचारलं नाही. जळणं थांबलं असं मात्र नाही. एकदा त्यानं सहज विचारलं, "मंजू बरी हाय का?" माझे चार दिवस खराब गेले. तरी पुढच्या रविवारी त्याच्या पडद्यासमोर हजर. सिनेमावरून भांडायचो आम्ही. लई भांडायचो.

आज सकाळी मंजू साडी नेसून तयार उभी होती.

माझी आई म्हणाली, "मंजू, तू कशाला जातीस? लोक काय म्हणतील?"

मंजूनं माझ्याकडं बघितलं. मी गाडीची चावी घेतली.

रस्ताभर ती माझ्या पाठीला कपाळ टेकून रडत होती. शर्ट भिजला. आणि मी नालायक मनात विचार करत होतो, माझ्यासाठी रडेल का ही एवढी?

अविनाशच्या आईनं तिला मिठीच मारली. "मंजे, लई दिवसांनी आलीस गं."

मंजे. या घरात तिला असं नाव होतं. तेही लागलं मला.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे कोण?"

मी मंजूकडं बघितलं.

मंजूनं पदरानं डोळे पुसले. "हे माझे मालक, काकू. अविचे दोस्त."

काकूंनी माझा हात धरला. "तूच का तो फिजिक्सवाला? रोज नाव निघायचं तुझं. भांडतो लई, पण येतो म्हणायचा."

तोपर्यंत मी रडलो नव्हतो.

अविनाश, तुला दोस्त म्हणून मी कधी हाक मारली नाही. आज मंजूनं माझ्या वतीनं मारली.

नीट जा, दोस्ता.