वरवंट्याची आई

धाकटा जन्मला तेव्हा थोरली सव्वातीन वर्षांची होती आणि तिचा कायमचा मुक्काम माझ्या डाव्या कडेवर होता. मी भाकरी थापायला बसले की तेवढ्यापुरती ती खाली उतरायची. त्या उंचीवरून तिला सगळं जग दिसायचं आणि दिसलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल काहीतरी विचारायचं असायचं. पाल भिंतीवरून पडत का नाही, कुकर कोणावर रागावला, शेजारच्या काकूंच्या मिशा कुठे गेल्या. काकूंना मिशा कधीच नव्हत्या, पण काकांना होत्या, तेव्हा दोघांनाही असायला हव्यात असं तिचं म्हणणं. मी वैतागायचे, उत्तरं द्यायचे, आणि एका हाताने घर चालवायचे.

दुसरं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. घाटंजीला दवाखान्यात सिझर झालं. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की दीड महिना बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची बादली, गव्हाचा डबा, गॅसचं सिलिंडर, अशी यादीच त्यांनी सांगितली. पोरीचं नाव त्या यादीत नव्हतं. ते घरी पोचल्यावर लक्षात आलं, कारण ती दारातच दोन्ही हात वर करून उभी होती.

आईच्या पोटाला लागलंय, आईला जड उचलता येत नाही, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "मी जड नाही. मी लहान हाये." सासूबाईंनी तिला उचलून बकरी दाखवायला नेलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हात वर केले, तिसऱ्या दिवशीही केले. पाचव्या दिवशी केले नाहीत. टाक्यांना लाथ बसेल म्हणून पलंगावर यायलाही तिला बंदी होती, त्यामुळे ती दाराच्या चौकटीला टेकून भावाकडे बघायची आणि निघून जायची. पोरगी किती समजदार झाली, असं जो तो म्हणायचा. मला ते कौतुक टोचायचं. दीड महिना संपेल, मी हात पुढे करीन आणि ती येणारच नाही, ही भीती माझ्या मनात घर करून बसली होती. कोणाला सांगायचीही सोय नव्हती. बाळंतिणीने काळजी केली की दूध आटतं, असं सासूबाईंचं ठाम मत होतं, आणि मग मला त्याचीही काळजी लागली असती.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आमच्याकडे बारशाला पाट्यावरचा वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून, त्याला टोपडं घालतात आणि कुंचीत गुंडाळून बाळासारखा पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात. बायका हे करताना हसत असतात, कारण बाळ दगडाचं असतं. पोरगी मात्र हसली नाही. शेवटच्या बाईच्या हातातून वरवंटा पाळण्यात जायची वेळ आली तेव्हा ती पुढे झाली आणि हात पसरून म्हणाली, "माया." म्हणजे माझा. वरवंटा लहानसाच, पण दोनेक किलोचा. ती त्याच्या ओझ्याने मागे झुकली, पण सोडला नाही.

तिथून आमच्या घरात दोन बाळं नांदू लागली.

सकाळी मालिशवाल्या बाई यायच्या तेव्हा पोरगी आपलं बाळ घेऊन रांगेत बसायची. बाईंचा स्वभाव मोठा. त्या आमच्याकडच्या बायका बोलतात तसं देतो-करतो करत म्हणायच्या, "थांब माय, तुह्याही लेकराले लावून देतो तेल," आणि खरोखर वरवंट्याला पायापासून डोक्यापर्यंत तेल चोळायच्या. पाय कोणता आणि डोकं कोणतं हे पोरगी सांगायची. मग शेगडीचा शेक, मग काजळाची तीट. काळ्या दगडावर काळी तीट दिसेना, म्हणून तिने पिठाची लावून घेतली. वरवंट्याला शी झाली की ती नाक मुरडायची. वरवंटा झोपला की आम्ही कुजबुजत बोलायचं. धाकटा झोपलेला असताना मात्र ती ताटली वाजवायची, कारण तो तिचा नव्हता.

खरी पंचाईत सासूबाईंची झाली. त्यांना ठेचा पाट्यावरचाच लागतो. मिक्सरमधल्या ठेच्याला त्या मिरचीचं सरबत म्हणतात. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी पोरगी दुपारची झोपल्यावर त्यांनी बाळाचं टोपडं काढलं, त्याला घासूनपुसून धुतलं आणि लसूण-मिरची वाटली. रात्री जेवताना नवऱ्याने पहिला घास घेतला आणि विचारलं, ठेच्याला मालिशच्या तेलाचा वास कसा काय. त्यानंतर सासूबाईंनी मिक्सर जवळ केला. मला हसू आवरेना आणि हसलं की टाके ओढायचे, म्हणून मी उशी पोटाशी धरून हसायचे.

दिवस थंडीचे होते. वेचणी चालू होती आणि आमची मागची खोली छताला लागेल इतकी कापसाने भरली होती. एका सकाळी नवऱ्याने पिकअप बोलावली. दोन माणसांनी कापूस भरला, पायाने दाबला, वर ताडपत्री ओढली आणि नवऱ्याला घेऊन गाडी घाटंजीला व्यापाऱ्याकडे गेली. तासाभराने पोरगी आंघोळ करून आली आणि थेट मागच्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. ती बाहेर आली, स्वयंपाकघरात गेली, पाळण्याखाली वाकली, पाट्यापाशी गेली, पुन्हा खोलीत गेली. मग मला येऊन विचारलं, "मायं बाळ कुठं हाये?"

बाळाला थंडी वाजते म्हणून तिने त्याला कापसात झोपवलं होतं.

मला आधी आठवला तो व्यापारी. कापसात दगड निघणं म्हणजे आमच्या भागात चोरीच. वजन वाढवायला लोक काय काय करतात आणि व्यापारी त्यांना काय काय बोलतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. इकडे पोरगी उंबऱ्यावर बसून रडत होती. मोठ्याने नाही. तिला मोठ्याने रडता येतं, सगळ्या आळीला माहीत आहे, म्हणून ते हळू रडणं मला बघवेना. मी पलंगावरून तिला ये म्हणाले. ती आली नाही. सासूबाईंनी घेतलं तर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. कापूस खाली करताना वरवंटा हमालाच्या पायाशी पडला होता. चारपाच माणसं गोळा झाली. व्यापाऱ्याने तो उचलला, बघितलं तर त्याला टोपडं. टोपड्याला गोंडे. कपाळावर पिठाची तीट. मग व्यापारी म्हणाला की कापसात पाणी पाहिलं, माती पाहिली, पण टोपडं घातलेला दगड आज पहिल्यांदा पाहिला. आणि चोरी करणारा माणूस दगडाला तीट लावणार नाही. सगळं आवार हसलं. नवऱ्याने मान खाली घालून सगळी हकिगत सांगितली. व्यापाऱ्यालाही नात होती म्हणे.

संध्याकाळी वरवंटा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून परत आला. पोरीने तो बापाच्या हातातून घेतला, टोपड्याला चिकटलेला कापूस वेचून काढला, तीट ठीक आहे का पाहिलं. मग दोन्ही हातांनी उचलून कडेवर घेतला. डाव्या. एवढीशी कंबर, तिच्यावर तो दगड कसा राहणार, पण ती वाकडी होऊन त्याला सांभाळत उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, खाली ठेव, जड आहे, पायावर पडेल.

तिने ठेवला नाही. सासूबाईंकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मायं बाळ जड हाये. तरी मी उचलतो."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, ती फक्त माहिती देत होती. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मी धाकट्याला नवऱ्याच्या हातात दिलं, पलंगावरून उतरले, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले आणि पोटावर उशी धरली. सासूबाई काहीतरी बोलायला लागल्या, मी हातानेच थांबवलं. सून म्हणून असं मी पहिल्यांदाच केलं.

"मी उचलत नाही," मी तिला म्हणाले. "मी बसलो. तू चढ."

ती विचारात पडली. "तुले दुखन," म्हणाली.

"नाही दुखत."

तिने वरवंटा हळूच सतरंजीवर निजवला, त्याच्यावर ओढणी घातली. मग आली. आधी मांडीच्या टोकावर बसली, एसटीत भरलेल्या बाकावर तिसरा म्हणून जागा मिळालेल्या माणसासारखी, अर्धी बाहेर. मी काहीच केलं नाही. थोड्या वेळाने ती मागे सरकली, आणखी थोडी सरकली, आणि मग एकदम सगळं अंग माझ्यावर टाकलं. केसांना धुराचा आणि मालिशच्या तेलाचा वास येत होता. टाके ओढले. माझे डोळे भरून आले आणि मला इतका आनंद झाला की कोणाकडे बघावं ते कळेना.

तिने मान वर करून विचारलं, "मी जड हाये का?"

"लय जड," मी म्हणाले. "बसून राह्य."