आलेखातली पायरी

अंबाजोगाईच्या कॉलेजात मी एम. एस्सी. करत होते तेव्हाची गोष्ट. मला मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या मॅडमना यंत्रं मागायची लाज नव्हती आणि कॉलेजला नाही म्हणायची. माझा प्रकल्प ज्वारीचा: पाणी तोडल्यावर कोणतं वाण किती तग धरतं. त्यासाठी कुंड्यांचं वजन सतत टिपायला हवं. माणसानं ते करायचं म्हणजे वेड लागायची पाळी.

त्या वर्षी दुष्काळ पडला, जनावरं चारा-छावणीला गेली आणि मॅडमच्या माहेरची, धर्मापुरीकडची दूधसंस्था बंद पडली. दूध मोजायचे इलेक्ट्रॉनिक काटे धूळ खात पडले होते. मॅडम थेट संस्थेच्या सचिवांच्या दारात.

"न्या की," ते म्हणाले, "आता मोजायला हाय काय?"

त्या काट्यांना मागून संगणक जोडायची सोय असते, हे मॅडमनीच हेरलं. वायर मात्र कुठे मिळेना. मग पदर खोचून त्या फरशीवर बसल्या, तारांना डाग दिले, काट्यावरचं वजन संगणकात आपोआप उतरेल असा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर पहिला आकडा उमटला तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कुंड्या सुकत गेल्या, आलेखातली रेषा शहाण्यासारखी खाली उतरत गेली. एका दुपारी ती टुणकन वर चढली. कुणीतरी कुंडीत पाणी घातलं होतं! मी थयथयाट केला. पुन्हा पेरायला वेळ नव्हता. घरच्यांनी एवढंच वर्ष दिलं होतं, प्रकल्प गेला की शिक्षणही गेलं.

मॅडमनी पडद्यावरची वेळ पाहिली. "मीच गं. अर्धा पेला उरला हुता."

तेव्हा आमच्याकडे उष्टं पाणीसुद्धा कुणी फेकत नसे. जवळच्या झाडाला घालायचं. हात आपोआप वळायचा.

"रेषा सरळ करून टाकू?" मी विचारलं.

"कावून? काट्यानं खरं तेच सांगितलं. ऱ्हाऊ दे तशीच."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "ही पायरी कसली?" मागून मॅडम उठल्या.

"चूक माझी आहे, सर. पेल्यातलं उरलेलं पाणी मी कुंडीत ओतलं. फेकवलं नाही."

परीक्षकांनी समोर अर्धवट ठेवलेला पाण्याचा पेला उचलला, तळापर्यंत प्यायले, आणि सहीसाठी पेन मागितलं.